एक्केचाळिसावी ओळ

गावाआधी वास लागतो.
इद्रिसा काच खाली करतो,
नाक मुरडत नाही; म्हणतो, "आईचं घर आलं."
त्याची आई इथून दोन दिवसांच्या वाटेवर आहे.

हरमाटनची धूळ पापण्यांवर.
माझ्याकडे बर्फाची पेटी, निर्जंतुक बाटल्या छत्तीस,
आम्लता मोजायच्या कागदी पट्ट्या
आणि वागादुगूहून छापून आणलेले प्रश्न,
जे फ्रेंचमध्ये हुशार वाटत होते
आणि मूरेत विचारताना माझ्याच तोंडात अडखळतात.

तिपोको नेरेच्या बिया दुसऱ्यांदा उकळते आहे.
"किती वेळ?"
"भांडं बोलायचं थांबेपर्यंत."
"राख किती?"
ती मूठ उघडून दाखवते. मिटते.
मी लिहिते: अंदाजे चाळीस ग्रॅम.
मग वजनकाटा तिच्या हाताखाली धरते, तीन वेळा.
अडतीस. एकोणचाळीस. अडतीस.
माझा काटा यंदाच तपासून आणलेला आहे.
तिचा हात कधी, कोणी?

टोपलीत पानांची गादी, वर गोणपाट, वर दगड,
बाळंतिणीच्या खोलीसारखी ऊब.
आत काय चाललंय ते मला ठाऊक आहे:
काडीसारखे जिवाणू, साखळ्या करून,
प्रथिनांच्या गाठी सोडवत बसलेले.
ठाऊक तिलाही आहे.
टोपलीला कान लावते, "अजून भांडतायत," म्हणते.
तिसऱ्या दिवशी: "आता नांदायला लागले."

त्याच दुपारी माझी पट्टी निळी होते.
मी तिला दाखवते. ती उलटसुलट करून बघते,
परत देते:
"हिला तर नाक नाही. हिला कसं कळलं?"

संध्याकाळी रक्तदाब.
चाळीस बायका झाल्या, एक्केचाळिसावी तीच.
दंडाला पट्टा, पंपाची फुसफुस,
आकडा जिथे थांबतो तिथे थांबायला नको होता.
"आठवड्यातून किती दिवस सुंबाला खाता?"
"खात नाही."
मी शब्द बदलून पुन्हा विचारते.
"अगं, कळला प्रश्न. हे विकायचं असतं.
एका गोळ्याच्या पैशात वड्या येतात सहा,
सहा दिवसांचा रस्सा.
गोळे घरातच खाल्ले तर पोरांची फी
काय वासावर भरू?"
आणि हसते, सगळे दात दाखवून.
फळीवर सोनेरी कागदातल्या मसाल्याच्या वड्या,
एकीवर एक, नीट रचलेल्या,
शिलकीच्या पैशांसारख्या.

आमच्या अभ्यासात गट दोन:
पारंपरिक अन्न खाणारे, आणि तुलनेसाठी, न खाणारे.
दुसऱ्या गटात शहरातल्या बायका येतील
असं प्रस्तावाच्या चौथ्या पानावर मीच लिहिलं होतं.

निघताना ती तीन गोळे मोजून देते,
पैसे मोजून घेते, एक नाणं परत करते,
मग चौथा गोळा, वरकड,
माझ्या कोटाच्या खिशात कोंबते.
त्याला नमुना क्रमांक नाही.

आता शीतकपाटाला वास लागला आहे.
शेजारच्या खोलीतले मलेरियावाले सकाळी तक्रार करतात,
दुपारी डोकावून विचारतात, आज काय शिजतंय?

डॉक्टर बामोगोंची लाल शाई एकाच ओळीवर थांबलेली.
व्यवसाय: सुंबाला बनवणे, बत्तीस वर्षं.
सेवन: शून्य.
"नोंदीत गफलत दिसते. तपासा."

मी मूळ कागद काढते. तारीख बघते, आकडा बघते,
कोपऱ्यात उमटलेला धुळीचा अंगठा बघते,
तिचा की माझा, सांगता येत नाही.
लाल शाईखाली लिहिते:
तपासलं. चूक नाही.

कोट अजून धुवायला टाकलेला नाही.